शीग

शाळेच्या हजेरीत बाईंनी लिहिलं खयाल.
रेशनकार्डावर कोयाळ.
लाइटबिलावर कायल, आणि तेच जास्त टिकलं,
बिल दर महिन्याला येतं म्हणून.
अब्बा म्हणायचे, असू दे, बत्ती तर लागते ना.

आमची घरं मोजायला एका हाताची बोटं उरतात:
मिरजेत आम्ही,
आष्ट्याला एक चुलतघर,
कवठेमहांकाळला म्हणे एक होतं,
त्यांनी शेख लावून घेतलं. सोपं पडतं,
पुन्हा सांगा म्हणून कुणी विचारत नाही.

अर्थ ठाऊक नव्हता कुणालाच.
एका मौलवींनी रेशनकार्ड उलटंसुलटं करून सांगितलं,
मूळ शब्द खयाल असणार, तुमच्यात कुणी विचारवंत झाला असेल.
अब्बा पोत्यावर बसून हसले, खोकला येईपर्यंत.

अब्बा सांगलीच्या यार्डात मापाडी.
बिल्ला नंबर एकशे चौदा.
गल्लीला आमचं आडनाव लागलंच नाही कधी,
मी मापाड्याची पोर, तेवढ्यावर चिठ्ठी घरी यायची.
त्यांचे वडील खळ्याखळ्यांवर पायली घेऊन फिरायचे.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं. मग दोन. मग तीन.
काटे आले, पायली आमच्या तांदळाच्या डब्यात उतरली.

मिरजेला अब्बांचं डायलिसिस चालू होतं तेव्हाची गोष्ट.
औषधांच्या खिडकीतून पोरगा ओरडला,
कय्याल!
पहिल्यांदाच कुणी धड उच्चारलं, चुकून असेल.
मी उठले.
आणि मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला,
पायघोळ पांढरा झगा, हॉस्पिटलची निळी स्लीपर,
मस्कतहून गुडघा बदलायला आलेला.
पोरगा दोन पिशव्या धरून उभा, कुठली कुणाची?

त्याचा दुभाष्या बिलाच्या रांगेत अडकलेला.
म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला: कय्याल.
मीही ठेवला.
त्यानं काही विचारलं, मी मान हलवली, कळलं नाही.
मग त्यानं डाव्या हाताचा खोलगा केला
आणि उजव्यानं त्यात न दिसणारं काही ओतू लागला,
ओतत राहिला, वर टेकाड चढेपर्यंत,
आणि आडव्या तळहातानं ते सपाट केलं,
करंगळी जरा उचलून.

अब्बांची करंगळी अश्शीच उचलते.
माझ्या तोंडून गेलं, लाभ.
तोही काहीतरी बोलला.
तो आकडा नव्हता, एवढं मला कळलं.

सुई लावलेल्या हातानं अब्बांनी सगळं ऐकलं.
म्हणजे मापाडीच? मग बिल्ल्याला उगाच पैसे भरले.
मी विचारलं, तो आपला कुणी लागत असेल का?
कशाला लागायला हवा, म्हणाले,
धान्य जिथं, तिथं मापाडी. तिथंही पिकत असेल की थोडंफार.
नंतर, मशीनचा आवाज ऐकत,
पेढीवरच्या दिवाणजींच्या जुन्या वह्यांत दोन रकाने असत,
वजनी आणि कैली.
कैली म्हणजे मापानं दिलेलं.
कैली, कय्याल. बघ.
आपण यायच्या आधीच आपलं नाव वहीत येऊन बसलेलं.

माझ्या आधारवर आता नदाफ आहे.
खिडकीशी मी उठले होते अब्बांच्या कागदासाठी.
आष्ट्याच्या चुलत्यांना तिन्ही मुली.

अब्बा गेल्यावर लाइटबिल दुरुस्त करायला गेले.
कारकुनानं विचारलं, अर्थ काय?
मापाडी.
मग मापाडीच टाकू का, ताई?
नको. क, मग अर्धा य, मग पूर्ण य.
तो अर्धा य खोडू नका,
सगळ्यांनी हात फिरवून काढलेली शीग आहे ती.

त्यानं दोनदा दाबून बघितलं.
जोडाक्षर घेत नाही हो सिस्टिम.

या महिन्यालाही कायल नावानंच आलं,
तीनशे बारा रुपये.
भरून टाकले.